पंधरापैकी नऊ

आमच्या हिंगोलीकडं गाडी आधी येते, चालवणं तिच्या मागून येतं आणि लायसनचा विषय निघतो तो थेट सोयरीक जुळताना, नाहीतर विम्याचा क्लेम नामंजूर झाल्यावर. पोरगं सातवी-आठवीत गेलं की उन्हाळ्यात बापाच्या पुढ्यात बसून ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरतं, पुढच्या वर्षी पाळी घालायला एकटं जातं आणि दहावीचा निकाल लागेस्तोवर त्याला भरलेली ट्रॉली मागं घेता येते. ट्रॉली मागं घेणं हे काय प्रकरण आहे ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. स्टेअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं जाते, आणि त्यात एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला विहीर आणि मधे बापाची शिवी. एवढं ज्याला येतं त्याला ‘तुला गाडी येते का रे?’ विचारणं हा अपमान. ‘लायसन आहे का?’ विचारलं तर तो नुसताच बघत राहतो.

कायद्याला हा क्रम मान्य नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आधी शिकाऊ परवाना, मग शिकणं, मग पक्का परवाना आणि त्यानंतर मोकळा रस्ता अशी रीत आहे. गिअरच्या गाडीला 18 वर्षं पुरी पाहिजेत. सोळा वर्षांच्या पोरासाठी कायद्यानं फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी राखून ठेवली आणि तीही पालकाच्या संमतीनं. लूना होती तोवर या तरतुदीत जीव होता. लूना गेली, कलम राहिलं, आणि सोळा वर्षांचं पोरगं दीडशे सीसीवर बसून कॉलेजला जाऊ लागलं.

मग 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे आमच्या आप्पांनी पेपरात वाचलं, तेही बऱ्याच उशिरा, कुणीतरी भजी बांधून आणलेल्या कागदावर. आप्पा म्हणजे माझे चुलते. सेनगाव तालुक्यात शेती, एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, आणि सगळं नोंदणीला आप्पांच्याच नावावर.

“म्हंजे गाडी त्यानं उडवायची अन् आत म्या जायचं?” आप्पांनी भज्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि नातवाच्या हातातून किल्ली काढून घेतली.

नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, अठरावं लागायला तेव्हा काही महिने बाकी होते. ते त्यानं सुतकासारखे काढले. अठरा पुरी झाली त्या दिवशी त्यानं केक कापायच्या आधी लायसन काढायचा विषय काढला आणि जाता जाता आजोबांना विचारलं, “आप्पा, तुमचं लायसन कुठंय?”

आप्पा चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात. “मह्या बैलगाडीला कुठं व्हतं?” एवढंच ते म्हणाले. पण बोलून गप्प झाले, कारण शेजारच्या गावात एकाचा क्लेम लायसन नव्हतं म्हणून अडकला होता, आणि विनापरवाना गाडी चालवली तर दंड 5,000 रुपये हेही त्याच कागदावर भज्याच्या तेलातून दिसत होतं.

अशा रीतीनं आजोबा आणि नातू एकाच परीक्षेला बसायचे ठरले. त्यांच्यात तिसऱ्या आल्या वहिनी, आप्पांची सून. त्या अंगणवाडी सेविका. स्कूटी त्यांना उत्तम येते, पण कागदावर त्या अजून पायीच जातात. गावात रेंज येते ती माळवदावर, तीसुद्धा वारा पडल्यावर. म्हणून हा सगळा फौजफाटा अभ्यासाला हिंगोलीत माझ्या घरी आला. सोबत काकू, एक पिशवी हिरव्या शेंगा आणि खलबत्त्यात कुटलेली चटणी.

आता घरबसल्या परीक्षा ही सोय तशी नवीच. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी आमचं सगळंच परभणीला होतं, गाड्यांवर नंबर एमएच 22 चा. एमएच 38 ही आमची स्वतःची ओळख नंतरची, आणि आजही पुण्यात सिग्नलवर एमएच 38 दिसली की आमच्याकडची पोरं गाडी शेजारी घेऊन ‘कोणत्या गावचे?’ विचारतात. सिग्नल तोवर सुटतो. त्या जुन्या काळात ही परीक्षा तोंडी असायची. भिंतीवर चिन्हांचा तक्ता, साहेबांच्या हातात छडी किंवा पेन. साहेब एका चिन्हावर टोक ठेवणार, उमेदवार काहीतरी पुटपुटणार. दोघांनाही जेवायच्या आत उरकायचं असे. त्यानंतर कॉम्प्युटर आला, रांग आली, आणि 14 जून 2021 पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या जोरावर घरी बसून परीक्षा द्यायची सोय झाली. वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला 150 रुपये, परीक्षेचे 50 वेगळे. प्रश्न 15. त्यातले नऊ बरोबर आले की पास, कारण नियमात 60 टक्के लिहिलंय.

“मामा, म्हंजे सहा चुका माफ,” भाचा म्हणाला.

“हिरीत पडायला एकच पुरती,” आप्पा म्हणाले.

अभ्यासाआधी अर्ज. अर्जात पहिली अडचण जन्मतारखेची. आप्पांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून. आमच्याकडं त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण गुरुजींनी पोरगं वर्गात घेताना कान हाताला लागतो का ते बघितलं आणि वय बसवलं. त्यामुळे आप्पांना अठरा वर्षं पुरी झाली आहेत यावर कुणाचंच दुमत नव्हतं, पण कधी झाली हे सांगता येत नव्हतं. दुसरी अडचण आधारच्या ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये होता तो फोन हळद शिजवायच्या कढईत पडला होता. ते सिमकार्ड परत चालू करून आणण्यात दोन दिवस गेले. (यात अतिशयोक्ती नाही. आमच्याकडं फोन कढईत, हौदात आणि कडबाकुट्टीत पडतात. चोरीला फार कमी जातात.)

मग आला नमुना क्रमांक एक, प्रकृतीबद्दल स्वतःच स्वतःची हमी देण्याचा. ज्यानं हा नमुना लिहिला त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक नसावा. त्यात विचारतात: तुम्हाला फेफरं येतं का? रातांधळेपणा आहे का? लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का? नेहमीचा हॉर्न ऐकू येणार नाही एवढे तुम्ही बहिरे आहात का? आणि लख्ख उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट दिसते का? आमच्याकडं प्रकृती विचारली की माणूस लगेच ‘बरी आहे’ म्हणतो, मग तो दवाखान्यात सलाईनवर का असेना. त्यामुळे सगळ्या रकान्यांत आप्पा ठणठणीत. चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र वेगळं लागतं म्हणून बरं.

नंबरप्लेटपाशी मात्र आप्पा थांबले. “नंबर कुठं ऱ्हातो आता गाडीवर?” खरंच होतं. आमच्या पोरांच्या गाडीवर 8055 असेल तर ते ‘बॉस’ वाचायचं असतं, 4912 असेल तर ‘पवार’, आणि ज्याला असा नंबर मिळत नाही तो आकडे बारीक करून वर ‘आईचा आशीर्वाद’ एवढा मोठा लिहितो की 25 काय, 100 मीटरवरून दिसेल. आता हाय सिक्युरिटीच्या पाट्या आल्या, सगळे आकडे एका मापाचे झाले, आणि कितीतरी बॉस पुन्हा साधे नागरिक झाले.

अभ्यास सुरू झाला तो रात्री जेवणं झाल्यावर. मोबाईलवर प्रश्नसंच उघडला, मी वाचायचं आणि तिघांनी उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न: झेब्रा क्रॉसिंगपाशी माणसं रस्ता ओलांडायला थांबली आहेत, तुम्ही काय कराल? पर्याय असे: हॉर्न वाजवून पुढं जाईन; वेग कमी करून हॉर्न वाजवून पुढं जाईन; गाडी थांबवून माणसं पलीकडं जाईपर्यंत वाट पाहीन.

“तिसरा,” भाचा एका क्षणात म्हणाला.

दुसरा प्रश्न, पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडते आहे. “थांबायचं.” शाळेची बस थांबली आहे, मुलं उतरताहेत. “सावकाश जायचं, पोरं कवाबी आडवी येतेत.” मागचा माणूस ओव्हरटेक करायला लागला आहे. “त्याला जाऊ द्यायचं.” अरुंद पूल, समोरून वाहन. “तो आधी.” चढावर तुम्ही उतरताय, समोरचा चढतोय. “तो आधी.”

मी मोबाईल खाली ठेवला. ज्याला मी स्वतः महामार्गाच्या दुभाजकाला वळसा नको म्हणून अर्धा किलोमीटर उलट्या बाजूनं येताना पाहिलं आहे, त्याला हे सगळं पाठ कधी झालं?

“पाठ काहून करायचं, मामा? आपुन रस्त्यावर जे करतो ते सोडायचं. उरलेल्यात जे लई साधं वाटतं त्याच्यावर टिक करायचं.”

इथं मला सरकारच्या परीक्षेचं मर्म सापडलं. माझी आजवर समजूत होती की आपल्याकडचे लोक नियम मोडतात कारण त्यांना नियम माहीत नसतात. जागृती सप्ताह, फलक आणि पथनाट्य यांच्या मुळाशी हीच समजूत असते. साफ चूक. पोराला नियम न वाचता माहीत आहेत. प्रश्नसंचातला तो चालक, जो कुणालाही पुढं जाऊ देतो, दवाखान्यापुढं हॉर्न वाजवत नाही, रुग्णवाहिकेला बाजू देतो, ठेच लागलेल्याला पाणी पाजतो आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवतो, तो आमच्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. त्याला आम्ही फक्त गाडीवर बसवत नाही.

अरुंद पुलावरून आप्पांनी एक हकिकत सांगितली, ती प्रश्नसंचात घालायला हरकत नाही. कयाधूवरच्या एका जुन्या पुलावर एकदा दोन ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे राहिले. दोघांनाही ट्रॉली मागं घेता येत होती, म्हणूनच दोघंही घेईनात. ज्याला येत नाही तो माघार घेतो, त्यात कमीपणा नसतो. ज्याला येतं त्यानं का घ्यावी? मागं दोन्हीकडं गाड्या लागल्या. एसटीतले लोक उतरून पुलाच्या कठड्यावर बसले. शेवटी एका म्हाताऱ्यानं दोघांची गावं विचारली, मग आडनावं, मग आजोळ, आणि पाचव्या मिनिटाला दोघं पाहुणे निघाले. एकाची आत्या दुसऱ्याच्या चुलत्याला दिली होती.

“मग?” वहिनींनी विचारलं.

“मग काय? आता दोघंबी मागं सरायला लागले. ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’. त्याच्यातच आणखी अर्धा घंटा गेला.”

आरशाच्या प्रश्नाला मात्र घरात शांतता पसरली. वाहनाचा आरसा कशासाठी असतो? उत्तर सोपं आहे: मागून येणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवायला. पण आमच्याकडं मोटारसायकल शोरूममधून निघाली की पहिल्या आठवड्यात तिचे आरसे उतरवले जातात. का, ते कुणीच नीट सांगत नाही. गर्दीत अडकतात, कडब्याच्या पेंढीत गुंततात, जाता-येता फुटतात, गाडी म्हातारी दिसते, अशी कारणं ऐकायला मिळतात. भाच्यानं दोन्ही आरसे वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत, नवेकोरे. गाडी विकताना परत लावायचे. एक आरसा त्यानं एकदा बाहेर काढला होता, दाढी करायला.

“मागं काय चाललंय हे बघायचं काम मागच्याचं,” आप्पा म्हणाले. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. ट्रॅक्टरच्या मागं बारा क्विंटल हळद असली की आरशात हळदच दिसते.

हळदीच्या हंगामात आमच्या रस्त्याला प्रश्नसंचातला एकही नियम लागू पडत नाही, हे कबूल केलं पाहिजे. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटपुढं वाहनांची रांग लागली की ती यार्डाच्या दारातून निघून कुठवर जाईल सांगता येत नाही. लोक ट्रॉलीखाली अंथरूण टाकून मुक्काम करतात. त्या रांगेत ओव्हरटेक करणाऱ्याला दंड लागत नाही, रांगच त्याचा निकाल लावते. आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वसमतकडं उसाच्या डबल ट्रॉल्या निघतात. पुढून टेपवर गाणं इतक्या मोठ्यानं की हॉर्नची गरज नाही, मागून मात्र लाल दिवा नाही. रात्री समोरून वाहन आलं तर प्रखर दिवा डिम करावा, असा एक प्रश्न आहे. वहिनींनी अगदी बरोबर उत्तर दिलं आणि म्हणाल्या, “आपण डिम केला की समोरचा त्याचा फुल करतो. त्याला वाटतं, आपण घाबरलो.”

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेल्वेच्या फाटकापाशी. फाटक म्हणजे नसलेलं फाटक. प्रश्न असा: बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगपाशी तुम्ही पोचलात, काय कराल? आणि उत्तर कायद्याच्या कलम 131 मध्ये आहे तसंच्या तसं: गाडी थांबवायची, सोबत कंडक्टर किंवा दुसरा कुणी असेल तर त्यानं खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करायची आणि मग आपल्या वाहनाला वाट दाखवत पलीकडं न्यायचं. सोबत कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरून हे सगळं करायचं.

आप्पांचा विश्वास बसेना. “ट्रॅक्टर सोडून पायी जायाचं, रूळ बघायचा, मग माघारी यायचं, मग बसायचं? तवर नवी गाडी आली म्हंजे?”

कलमात याचं उत्तर नाही. पण मजा अशी की पूर्णा ते अकोला हा आमचा रेल्वेमार्ग 2008 मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, आणि 2019 च्या जानेवारीअखेर देशातल्या ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची सगळी क्रॉसिंगं संपली. एका जागी फाटक लागलं, दुसऱ्या जागी भुयारी रस्ता झाला. पावसाळ्यात त्या भुयारात पाणी साचतं तेव्हा काय करायचं, हा प्रश्न संचात अजून आलेला नाही. आला तर आप्पांना पैकीच्या पैकी मिळतील, कारण बैल किती पाण्यात उतरतो आणि ट्रॅक्टर किती पाण्यात बंद पडतो हे दोन्ही त्यांना ठाऊक आहे. ते न विचारता सरकार विचारतं ते संपलेल्या क्रॉसिंगबद्दल. भाच्यानं ते उत्तर घोकलं. जे फाटक त्याला उभ्या आयुष्यात भेटणार नाही तिथं कसं वागायचं ते त्याला आता चोख येतं.

चिन्हांत मात्र आप्पांनी बाजी मारली. गोल चिन्ह आज्ञेचं, त्रिकोणी सावध करणारं, चौकोनी माहितीचं, एवढं त्यांनी एका बैठकीत पक्कं केलं. त्रिकोणात जनावर दिसलं की ते आधी त्याची जात सांगायचे आणि मग अर्थ. बैलगाडीला मनाई, हातगाडीला मनाई, टांग्याला मनाई अशी तीन वेगवेगळी लाल गोल चिन्हं आपल्या कायद्याच्या तक्त्यात आहेत. त्यातल्या बैलगाडीच्या चित्राकडं आप्पा बराच वेळ बघत राहिले. “जू चुकीचं काढलंय,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “बाजार करून येताना आम्ही गाडीत झोपायचो. बैल बराबर घरी आणायचे. त्या बैलाला मनाई, अन् ह्याला लायसन?” हे त्यांनी नातवाकडं बोट करून विचारलं.

हेल्मेटवरही वाद झाला. कायद्यात पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला हेल्मेटमधून सूट आहे, हे भाच्यानं मोठ्यानं वाचलं. नांदेडहून शीख भाविक आमच्या नर्सी नामदेवला येतात, नामदेवरायांची पदं त्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत, तेव्हा आप्पांना पगडी परकी नाही. आप्पांनी डोक्यावरचा पटका काढला, उलगडला, पुरा पाच हात भरला, आणि विचारलं की नामदेव दोघांचे, तर सूट एकालाच कशी? मला उत्तर सुचलं नाही. वहिनींना सुचलं. “आप्पा, तुमचा पटका वाऱ्यानं उडतो. परवा मीच बांधावरून आणला.”

परीक्षेच्या दिवशी आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ. तो बघितल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आप्पा तो कीर्तनाला बसल्यासारखे मांडी घालून बघत होते, मधे मधे ‘बराबर हाय’ म्हणत. मग कॅमेरा. नियम कडक: उमेदवाराचा चेहरा चौकटीतच पाहिजे, शेजारी दुसरं तोंड दिसता कामा नये, इकडंतिकडं बघायचं नाही. नाहीतर परीक्षा मधेच बंद.

“इकडंतिकडं बघायचंच न्हाई?” आप्पा म्हणाले. “मग गाडी चालवायची परीक्षा हाय का फोटो काढायची?”

मला वाटतं, या परीक्षेवर यापेक्षा नेमकं भाष्य परिवहन खात्याच्या बाहेर आजवर कुणी केलेलं नसेल. वळणावर दोन्हीकडं बघा, असं ज्याचं उत्तर आहे, तो प्रश्न समोर एकटक बघत सोडवायचा.

पहिल्या वहिनी बसल्या. पाठ ताठ, पदर खोचलेला, चेहरा पासपोर्टच्या फोटोत असतो तसा. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला काकू मागून चहाचा कप घेऊन आल्या आणि सुनेला उत्तर कळतंय का ते बघायला स्क्रीनवर वाकल्या. त्यांचा उद्देश चांगला होता. स्क्रीनवर दोन चेहरे झाले आणि परीक्षा गेली. काकूंचं म्हणणं, आपल्या घरात आपलं तोंड दिसलं तर बिघडलं कुठं? मग खोलीचं दार लावलं, बाहेर काकूंना बसवलं आणि ‘आत कुणी जाऊ नये’ हे काम त्यांनाच दिलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढचा दीड तास मलाही माझ्या घरात पाणी प्यायला जाता आलं नाही.

वहिनींना पंधरापैकी चौदा. ते एक कोणतं चुकलं, या विचारात त्यांनी नीट जेवण केलं नाही. आप्पांना दहा. आणि भाच्याला आठ. त्याची युक्ती सभ्यतेच्या प्रश्नांत कुठंच चुकली नाही; त्याच्या वाट्याला चिन्हं जास्त आली. ‘नो पार्किंग’ आणि ‘थांबू नका’ यात एका तिरक्या रेघेचा फरक असतो, आणि रेघेत साधं काय, आगाऊ काय, हे ठरवता येत नाही. पुन्हा 50 रुपये भरायचे आणि पुन्हा बसायचं. आप्पांनी किल्ली खिशात टाकली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली.

आप्पांचा शिकाऊ परवाना छापून आला. सहा महिन्यांची मुदत, आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा. तोवर गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ पाहिजे. त्याचंही माप नियमात आहे: पाटी निदान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर 10 सेंटिमीटर उंच आणि दोन सेंटिमीटर जाड. रेडियमच्या दुकानात पोरानं विचारलं, “आप्पा, सोबत मागं काही लिहू का? ‘बळीराजा’ बसतंय बघा.” चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाच्या ट्रॅक्टरवर शिकाऊचा ‘एल’ लागला तेव्हा गल्लीतले लोक बाहेर आले. एकानं विचारलं की आप्पांनी ट्रॅक्टर विकला काय.

खरी पंचाईत पुढं होती. नियमाप्रमाणे शिकाऊ चालकानं एकट्यानं गाडी चालवायची नाही. पक्कं लायसन असलेला माणूस सोबत पाहिजे, आणि तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. घरात पक्कं लायसन कुणाकडं? शोध घेतला. मुलाचं मुदत संपलेलं. जावयाचं होतं, पण ते परगावी. शेवटी निघालं ते वहिनींच्या मुलीकडं. ती पुण्यात शिकते, तिनं तिथं रीतसर मोटारीचं लायसन काढलंय, आणि ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनातच मोडतो. ती दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा आप्पांनी तिला सांगितलं, चल, मला शिकव.

ट्रॅक्टरला सीट एकच. आप्पा सीटवर, पुढं-मागं लाल ‘एल’, आणि गुरुजी मडगार्डवर, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं घट्ट धरलेलं. काकूंनी दोघांना दहीसाखर दिली. आप्पांनी इंजिन चालू केलं.

“आप्पा, थांबा थांबा,” ती ओरडली. “आधी मला सांगा, ह्याचा ब्रेक कोणता?”

आप्पांनी खाली वाकून पायापाशी दाखवलं. “दोन हायेत, बाई. डाव्या चाकाला येगळा, उजव्याला येगळा. तुला कोणचा शिकवायचाय?”